एकटी गरोदर बाई आणि तिचं भाड्याचं घर : टिकवायला नक्की कशी मदत करावी?

दाराआडची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आमचा ओळखीपाळखीच्या लोकांचा एक छोटासा ग्रुप आहे, संस्था वगैरे काही नाही, दर महिन्याला जमेल तेवढे पैसे बाजूला काढतो आणि कुणी अडलंय असं कानावर आलं की देतो. यात एक परिस्थिती सारखी सारखी समोर येतेय. बाई एकटी, दिवस गेलेले, बाळाचा बाप सोबत नाही (का नाही ते आम्ही विचारत नाही, विचारायचा आपल्याला अधिकारही नाही), काम चालू आहे पण जेवढे तास भरले तेवढेच पैसे, त्यात उलट्या, तपासण्या, पाय सुजणं यात तास कमी होतात, भाडं एक महिना उशिरा जातं मग अर्धंच जातं, मग घरमालकाचा फोन, मग नोटीस.

यावर ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं भाडं भरत बसू नका, त्याला अंत नाही, तिची एखाद्या आधारगृहात सोय लावा, बाळंतपण होईतो तिथे राहील. माझं म्हणणं, जे घर आहे तेच टिकवा. पण हे मी नुसतं आतून वाटतं म्हणून म्हणतेय, मुद्दे मांडता येत नाहीयेत. तर ज्यांनी असं काम केलंय, ज्यांनी असे दिवस काढलेत, घर भाड्याने देणारे कुणी असतील तेही, सगळ्यांनी लिहा. किती महिने द्यावं, कुणाच्या हातात द्यावं, अटी घालाव्यात का, हे मुख्य प्रश्न.

सुईणताई

मी बाळंतपणं करते, पैशाचं मला कळत नाही पण घर बदलल्याने काय होतं ते रोज बघते म्हणून लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली गरोदरपणात किमान आठ भेटी व्हाव्यात असं सांगितलं, पहिली बारा आठवड्यांच्या आत आणि मग 20, 26, 30, 34, 36, 38, 40 व्या आठवड्याला. आता मोजा, आठातल्या पाच भेटी 28 व्या आठवड्यानंतर येतात म्हणजे शेवटच्या तिमाहीत. आणि भाडं थकून घर जातं ते नेमकं तेव्हाच, कारण तोवर शिल्लक संपलेली असते. बाई दुसऱ्या टोकाला राहायला गेली की नाव नोंदवलेलं हॉस्पिटल लांब पडतं, फाईल एकीकडे बाई एकीकडे, नव्या ठिकाणी "आत्ता का आलात" असं ऐकावं लागतं म्हणून ती जातच नाही. बीपी चढलेलं, साखर वाढलेली हे सगळं याच आठवड्यांत सापडतं. सापडलं नाही तर सरळ कळा सुरू झाल्यावरच समजतं.

शिवाय सामान उचलणं, जिने, कुणाच्या तरी घरी जमिनीवर झोपणं, हे वेगळंच. त्यामुळे दाराआडची, तुमचं आतून वाटणं बरोबर आहे.

आकडेमोड

धागाकर्तीला मुद्दे हवेत ना, घ्या.

शिकागोमध्ये एक हेल्पलाइन आहे, घर जायच्या बेतात असलेल्या लोकांनी फोन करायचा, पात्र असतील आणि त्या दिवशी निधी शिल्लक असेल तर एकरकमी मदत मिळते, निधी नसेल तर नाही. म्हणजे दोन सारखीच माणसं, फरक इतकाच की एकाने फोन केला त्या दिवशी पैसे होते आणि दुसऱ्याच्या दिवशी नव्हते. त्याचा अभ्यास 2016 मध्ये सायन्स या नियतकालिकात आला. पैसे होते त्या दिवशी फोन करणाऱ्यांची पुढच्या सहा महिन्यांत बेघरांच्या निवाऱ्यात भरती होण्याची शक्यता 76 टक्क्यांनी कमी निघाली. एकदाच दिलेल्या मदतीने!

आता दुसरा अभ्यास. अमेरिकेच्याच गृहनिर्माण खात्याचा, फॅमिली ऑप्शन्स नावाचा, 2010 पासून कुटुंबं नोंदवली, बारा ठिकाणची 2,282 कुटुंबं. पण ही कुटुंबं आधीच निवाऱ्यात पोचलेली होती. यात काहींना दीर्घ मुदतीचं भाडं-अनुदान, काहींना थोड्या महिन्यांचं, काहींना इतर सोयी. निकाल असा की पुन्हा बेघर होण्याबाबत थोड्या महिन्यांचं अनुदान आणि नेहमीची व्यवस्था यात फारसा फरक पडला नाही, खरा फरक पडला तो दीर्घ मुदतीच्या अनुदानाने.

दोन्ही शेजारी ठेवून वाचा. घर हातात असताना थोडी मदत पुरते. घर गेल्यावर तीच थोडी मदत पुरत नाही, मग मोठी आणि लांबलचक लागते, जी तुमच्यासारख्या ग्रुपच्या आवाक्यातली नाही. म्हणून "भाड्याला अंत नाही, आधारगृहात पाठवा" म्हणणाऱ्यांचं गणित उलटं आहे. तिथे पाठवलंत की मगच अंत नसलेला खर्च सुरू होतो, फक्त तो तुमच्या खिशातून जात नाही म्हणून दिसत नाही.

शंकासुर

आकडेमोड, तुमचे अभ्यास सगळे एकाच देशातले आणि त्यातला एकही खास गरोदर बायकांवरचा नाही. आणि शिकागोवाल्यांत पात्रतेची चाळणी होती की, म्हणजे तात्पुरती अडचण आहे आणि पुढे भाडं भरू शकेल असं दिसलं तरच पैसे. गरोदर एकट्या बाईची अडचण तात्पुरती आहे का? मूल झाल्यावर खर्च वाढणार, कमाई कमी होणार. विरोधासाठी विरोध नाही, खरंच विचारतोय.

आकडेमोड

रास्त प्रश्न. गरोदर बायकांवरचा एक आहे, ओहायोतल्या कोलंबस शहरातला, हेल्दी बिगिनिंग्ज ॲट होम. घराची शाश्वती नसलेल्या शंभर गरोदर बायका, निम्म्यांना भाड्याची मदत आणि घर शोधायला-टिकवायला सोबत करणारं माणूस, निम्म्यांना नेहमीच्या सोयी. मदत मिळालेल्या गटात 51 पैकी 40 बाळं पूर्ण दिवसांची आणि पुरेशा वजनाची, दुसऱ्या गटात 44 पैकी 24. शंभर म्हणजे लहान नमुना आहे हे मान्य, त्यावर इमले बांधू नयेत. पण दिशा कळते.

"तात्पुरती आहे का" याचं उत्तर मला वाटतं कुणीतरी स्वतः त्यातून गेलेलं देईल तर बरं.

रात्रपाळी

देते मी. बरीच वर्षं झाली त्याला, मुलगी आता माझ्यापेक्षा उंच आहे.

शंकासुरदादा, अडचण तात्पुरतीच असते पण तिची तारीख लोक चुकीची धरतात. सगळे धरतात बाळंतपणापर्यंत. "बाळंत होईपर्यंत आम्ही बघतो." अहो पोटुशी असताना मी काम करत होते, कमी का होईना पैसे येत होते. खड्डा पडतो तो नंतर. बाळंतपणानंतरचे पहिले काही महिने कमाई शून्य, आणि नेमकी तेव्हाच मदत थांबते कारण मदत करणाऱ्यांच्या डोक्यात "झालं, सुटली एकदाची" असं असतं. बाळ बघायला सगळे आले, भाडं कसं भरतेस हे एकानेही विचारलं नाही. मग बाळाला कुणाकडे ठेवायचं ते जमलं, काम परत सुरू झालं, पहिला पूर्ण पगार हातात आला आणि गाडी रुळावर आली. तोपर्यंतचं अंतर कुणीतरी भरून काढायला हवं होतं, ते माझ्या बाबतीत वरच्या मजल्यावरच्या आजींनी काढलं, त्यांचे उपकार आहेतच पण दर महिन्याला त्यांच्या दारात उभं राहणं काय असतं ते मलाच माहीत.

म्हणून धागाकर्तीताई, तुमच्याकडे समजा सहा महिन्यांचं भाडं देण्याइतके पैसे असतील तर सगळे गरोदरपणात संपवू नका. थकलंय तेवढं आधी मिटवा म्हणजे नोटीस मागे जाईल, आणि मोठा हिस्सा बाळंतपणानंतरसाठी राखून ठेवा. आणि हे तिला आधीच सांगा!! "नंतरचे इतके महिने आहेत" हे माहीत असणं हीच अर्धी मदत. मला रात्री झोप लागायची नाही ती कळांच्या भीतीने नाही, एक तारखेच्या भीतीने.

दाराआडची

रात्रपाळी, थांबले इथे जरा. आम्ही खरंच "बाळंतपणापर्यंत" असाच हिशेब मांडत आलोय. सगळं फिरवून बघायला हवं.

कलमबहाद्दर

रात्रपाळी यांच्या मुद्द्याला जोडून. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा मातृत्व संरक्षणाचा करार आहे, 2000 सालचा, क्रमांक 183. त्यात किमान 14 आठवडे रजा, त्यातले सहा आठवडे बाळंतपणानंतर सक्तीचे, आणि पैसे आधीच्या कमाईच्या दोन तृतीयांशापेक्षा कमी नकोत असं आहे. आता दोन तृतीयांश मिळाले तरी भाडं काही दोन तृतीयांश होत नाही. आणि तासांवर, रोजावर, घरकामावर असणारीला यातलं बऱ्याचदा काहीच मिळत नाही, कराराला मान्यता देणारे देशही मोजकेच आहेत. पण कुणी पगारी नोकरीत असेल तर आधी तिचा हक्काचा पैसा शोधा, तो किती आणि कधी येणार ते लिहून काढा, ग्रुपचा पैसा उरलेल्या फटीत घाला. लोक उलटं करतात, वर्गणी आधी काढतात आणि हक्काचा अर्ज मुदत संपल्यावर आठवतो.

एक_घरमालक

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. माझी दोन घरं भाड्याने आहेत आणि त्यातल्या एकाच्या भाड्यातून माझं कर्ज फिटतं, त्यामुळे भाडं आलं नाही तर माझीही ओढाताण होते, सगळे मालक गब्बर नसतात. तर आमच्या बाजूने कसं दिसतं ते सांगतो. भाडं उशिरा आल्याचा जितका त्रास होत नाही तितका काहीच न कळल्याचा होतो. फोन उचलत नाहीत, दार उघडत नाहीत, मग माणूस सगळ्यात वाईट तेच धरतो आणि वकिलाकडे जातो. तेच जर कुणी येऊन म्हणालं की साहेब, थकलेलं इतकं आहे, पैकी इतकं आज, उरलेलं या या तारखांना, पुढच्या अमुक महिन्यांचं भाडं थेट तुमच्या खात्यात येईल, आणि काही झालं तर या एका नंबरवर बोला, तर दहातले बरेच मालक थांबतील. नवा भाडेकरू शोधणं, मध्ये घर रिकामं राहणं, रंगरंगोटी, एजंट, हे काय फुकट होतं का. थांबणं आम्हालाही स्वस्त पडतं.

फक्त तोंडी नको. एका कागदावर लिहा, दोघांच्या सह्या, दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती. आणि कृपया पाच जणांनी येऊन मला माणुसकीवर भाषण देऊ नका, एकच माणूस या.

शंकासुर

+१. घरमालकाचा प्रतिसाद सगळ्यात उपयोगी निघाला, काळाचा महिमा.

कलमबहाद्दर

मालकांचं ठीक आहे पण त्या कागदात एक वाक्य हवंच, की ठरल्याप्रमाणे पैसे आले तर नोटीसवर पुढची कारवाई होणार नाही. नाहीतर पैसेही घेतले आणि घरही घेतलं असं होतं.

दुसरं, आणि हे मोठ्या अक्षरात वाचा. नोटीस आली म्हणजे घर गेलं नाही. बऱ्याच देशांत मालकाला कोर्टाचा आदेश लागतोच, स्वतः कुलूप बदलणं, वीज-पाणी तोडणं चालत नाही. पण घाबरलेली बाई "बदनामी नको" म्हणून आपणहून चावी देऊन मोकळी होते. ते सहसा करू नये, निदान विचारल्याशिवाय तर नाहीच. इंग्लंडचं उदाहरण देतो. तिथे गरोदर बाई बेघर झाली तर तिला घर देताना प्राधान्य मिळतं, 1977 च्या कायद्यापासून आहे ते, आता 1996 च्या हाउसिंग ॲक्टच्या कलम 189 मध्ये. पण राहता येण्यासारखं घर तिने स्वतःहून सोडलं असं नगरपालिकेला वाटलं तर "जाणूनबुजून बेघर" असा शिक्का बसू शकतो आणि मग ती सगळी हमी पातळ होते. आणि 56 दिवसांत घर जाण्याची शक्यता असेल तर त्याआधीच मदत मागता येते, रस्त्यावर यायची वाट बघावी लागत नाही. तुमच्याकडचा नियम वेगळा असेल, पण चावी देण्याआधी मोफत कायदा सल्ला जिथे मिळतो तिथे एक फेरी मारायची, हे कुठेही लागू.

(अपवाद अर्थातच मारहाण. जीवावर बेतत असेल तर घर गेलं खड्ड्यात, आधी बाहेर पडा. अशा वेळी मात्र आधारगृहच बरोबर, आणि पत्ता ग्रुपमध्येही कुणाला सांगायचा नाही.)

जुनी_जाणती

आधारगृहाबद्दल माझंही थोडं. मी अशा ठिकाणी काही वर्षं काम केलंय, चांगली माणसं असतात तिथे, सरसकट नावं ठेवू नका. पण दारातून आत आल्यावर बाईच्या हातात काय उरतं बघा. किती वाजता यायचं ते दुसरा ठरवतो, भेटायला कोण येईल ते दुसरा ठरवतो, रात्रपाळीचं काम असेल तर ते सुटतंच कारण फाटक बंद. म्हणजे घर टिकवायला लागणारी कमाईच जाते. आणि मुदत संपल्यावर बाहेर पडताना डिपॉझिट, आगाऊ भाडं, नवीन भांडीकुंडी, सगळं शून्यापासून, तेही कडेवर बाळ घेऊन. एकट्या बाईला, तान्ह्या बाळासकट, घर द्यायला किती मालक तयार होतात ते वरच्या मालकांनीच सांगावं.

इतिहासात तर फार वाईट झालंय. आयर्लंडमधल्या लग्नाशिवाय आई झालेल्या बायकांच्या गृहांचा चौकशी अहवाल 2021 च्या जानेवारीत आला, अठरा संस्थांमध्ये मिळून सुमारे नऊ हजार मुलं दगावली होती. आजची आधारगृहं तशी नाहीत हे मी स्वतः सांगते, पण "तिची सोय लावून टाकू" या वाक्याची मला तेव्हापासून धास्ती आहे.

एक_घरमालक

खरं सांगू का, कमी तयार होतात. मीही बहुधा दहा वेळा विचार केला असता.

उंटावरून

सगळं ठीक आहे हो, पण अटींबद्दल कुणीच बोललं नाही, त्या नकोत का? आपला कष्टाचा पैसा आहे. निदान ती तपासणीला जाते का, पुढे काय करणार आहे, त्या माणसाला परत घरात घेणार नाही ना, एवढं तरी लिहून घ्यायला नको का? नाहीतर परत पुढच्या वर्षी तेच.

रात्रपाळी

"त्या माणसाला परत घरात घेणार नाही" हे लिहून घेणार? आणि तपासायला कोण जाणार, तुम्ही? खिडकीतून?

सुईणताई

रात्रपाळी, रागावू नका हो, तपासणीचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. फिनलंडमध्ये 1938 पासून आईला बाळाच्या कपड्यांची पेटी मिळते, सुरुवातीला फक्त गरिबांना, 1949 पासून सगळ्यांना, आणि चौथा महिना संपायच्या आत तपासणी करून घेतली तरच मिळते. पण तिथे तपासणी सोपी होती, जवळ होती आणि अट सगळ्यांना सारखी होती. आपण एकटीला पकडून अट घालतो तो अपमान. त्यापेक्षा विचारा, तपासणीला जायला अडतं कुठे? निम्म्या वेळा उत्तर असतं की रजा घेतली तर त्या दिवसाचा रोज जातो. मग त्या दिवसाचे पैसे द्या, अट आपोआप पूर्ण होते.

कलमबहाद्दर

आणि लग्न झालंय का, बाप कोण, हे प्रश्न फॉर्मवर नकोतच. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम 25 मध्ये स्वच्छ आहे, आई आणि मूल विशेष मदतीला पात्र, आणि मूल लग्नातलं असो की लग्नाबाहेरचं, सामाजिक संरक्षण सारखंच. पंचाहत्तर वर्षं उलटून गेली आणि आपण अजून अर्जात रकाना ठेवतो.

उंटावरून

बरं बाबा, मागे घेतो त्या माणसाची अट. तपासणीचं सुईणताईंनी सांगितलं ते पटलं. पण पुढे काय करणार हे विचारण्यात गैर काय ते अजून कळलं नाही.

जुनी_जाणती

विचारा ना, पण परीक्षक म्हणून नको, सोबत बसून. बाळाला कुणाजवळ ठेवणार, काम परत कधी, तेव्हा हातात किती येईल, भाडं त्यातून निघेल का. न निघाल्यास हे घरच महाग आहे, मग बाळंतपणाआधी चौथ्या-पाचव्या महिन्यात स्वस्त घरात हलवणं बरं, त्याच भागात, हॉस्पिटल न बदलता. "आहे तेच घर टिकवा" हे नियम म्हणून ठीक, पण ज्या घराचं भाडं पूर्ण पगारातही झेपत नाही ते टिकवून फक्त पडणं पुढे ढकललं जातं. हे मी बऱ्याचदा पाहिलंय आणि यावर कुणी बोलत नाही.

आकडेमोड

जुनी_जाणती यांच्याशी शंभर टक्के सहमत, आणि शंकासुरांच्या "तात्पुरती आहे का"चं खरं उत्तरही हेच. पहिल्या भेटीत काम परत सुरू झाल्यावरचा आकडा काढायचा. तो भाड्याला पुरत असेल तर अडचण तात्पुरती, तुमचे पैसे लागू पडतील. नसेल तर घर बदलणं, सोबत राहायला कुणी, सरकारी घरासाठी अर्ज, असे दुसरे रस्ते लगेच सुरू करायचे, कारण त्यांना वेळ लागतो.

नवखी

बऱ्याच दिवसांपासून वाचतेय, पहिल्यांदाच लिहितेय. मी सध्या अशाच परिस्थितीत आहे, जास्त लिहीत नाही. एकच विचारायचंय, घरमालकाला गरोदर आहे हे सांगावं का? अजून दिसत नाहीये.

कलमबहाद्दर

नवखी, सांगायची सक्ती साधारणपणे कुठेच नसते. तुमचा भाडेकरार नीट वाचा, किती माणसं राहू शकतात याबद्दल काही लिहिलंय का ते बघा. करार संपायला आला असेल तर आधी नूतनीकरण करून घ्या, सांगणं नंतर. भाडं थकलेलं असेल आणि सवलत मागायची असेल तर मात्र कारण सांगितल्याने फायदा होऊ शकतो, पण ते तुम्ही ठरवायचं.

एक_घरमालक

मालक असून सांगतो, नूतनीकरण आधी.

रात्रपाळी

नवखी, तुला निरोप टाकलाय, बघ. इथे उघड काही लिहू नकोस, गाव, हॉस्पिटल काहीच नाही.

संपादक मंडळ

सूचना : या धाग्यावर कृपया कुणाचंही नाव, पत्ता, खाते क्रमांक टाकू नये. थेट पैशाची मागणी किंवा देऊ करणं धाग्यावर नको. नवखी यांना कुणी अनोळखी आयडीने निरोप पाठवून त्रास दिल्यास आम्हाला कळवावं.

दाराआडची

सगळ्यांचे आभार. काल ग्रुपची मीटिंग झाली, हा धागाच वाचून दाखवला. ठरलेलं असं की थकबाकी आधी मिटवायची, पैसे थेट मालकाच्या खात्यात पण तिच्या परवानगीने आणि पावती तिच्या नावाची, मालकाशी बोलायला आमच्यातलं एकच माणूस. बाळंतपणानंतरच्या महिन्यांसाठी निधीचा मोठा भाग वेगळा काढून ठेवायचा आणि किती महिने ते तिला पहिल्याच भेटीत सांगायचं. अटींचा फॉर्म नको. तिच्या भाड्याला जामीन राहायचा मुद्दा निघाला होता, तो अजून अधांतरी आहे, आमच्यातल्या एकीला सही करायची तयारी आहे पण मला भीती वाटते.

एक_घरमालक

जामीन राहताना रक्कम आणि मुदत दोन्हीवर मर्यादा लिहून घ्या, "सर्व देणी" असा शब्द असेल तर सही करू नका. आणि एकीच्या नावावर नको, त्यापेक्षा दोन महिन्यांचं भाडं जास्तीचं डिपॉझिट म्हणून ठेवा, बहुतेक मालकांना तेच जास्त आवडतं.

दाराआडची

हे बरंय. ते डिपॉझिट परत येताना ग्रुपकडे यावं की तिच्याकडे?

रात्रपाळी

तिच्याकडे. पुढच्या घराला लागेल.